सय्यदनांनी न प्यालेली कॉफी

बिशप लबीब दबाबना यांच्या कार्यालयात मी सत्तावीस वर्षं कारभारी होतो. त्यांचं टपाल मी उघडत असे, त्यांची पत्रं मी टाइप करत असे, त्यांच्या चष्म्याचा नंबरही मला पाठ होता. म्हणून जेव्हा कुणी विचारतं, "अबू लुआय, तुला खरंच काही माहीत नव्हतं?" तेव्हा माझ्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझा स्वतःचाही नीटसा बसत नाही. पण मला माहीत नव्हतं.

घडलं तसं क्रमाने लिहितो.

लबीब हे सल्तमधल्या एका पाथरवटाचे धाकटे चिरंजीव. गावातली निम्मी पिवळ्या दगडाची घरं त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी बांधलेली. आम्ही अँग्लिकन लोक गावात मूठभर. ऑर्थोडॉक्स शेजारी आम्हाला "इंग्रजांची लेकरं" म्हणून चिडवायचे आणि सणाला आमच्याच घरी जेवायला यायचे. लबीब शाळेत हुशार होते, पण उंची बेताची. पुढे ते पाळक झाले तेव्हा वडिलांनी व्यासपीठामागे ठेवायला त्यांना दगडाची एक पायरी घडवून दिली. तिच्यावर उभं राहिल्याशिवाय मागच्या बाकांना ते दिसत नसत.

बैरूतला धर्मशास्त्र शिकून आल्यावर त्यांची पहिली नेमणूक झरका शहरात झाली. राहायची खोली एका गॅरेजच्या वर होती. दोन वर्षांत त्यांनी तिथल्या मेकॅनिकांची लग्नं लावली, बारशी केली आणि त्यांच्याकडून गाडी उघडायला, जोडायला आणि चालवायला शिकून घेतलं. गाडी हा त्यांचा एकच शौक. सिगारेट नाही, पत्ते नाहीत. मिशन हॉस्पिटलातल्या नुहाद नावाच्या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मूल झालं नाही. इरबिद, मग पुन्हा सल्त, मग अम्मानच्या कार्यालयात सहायक बिशप. लोक त्यांना "सय्यदना" म्हणू लागले, म्हणजे "आमचे स्वामी". पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं.

पण त्यांचं नाव झालं ते बिशप म्हणून नव्हे, जाहाचे पुढारी म्हणून. आमच्याकडे कुणाच्या हातून माणूस गेला, भांडणात डोकं फुटलं किंवा मुलीला मागणी घालायची असली, की वडीलधारी मंडळी जमून समोरच्याच्या दारी जातात. तीच जाहा. घरधनी पुढाऱ्यासमोर कॉफीचा लहानसा कप ठेवतो. पुढारी तो उचलत नाही. आपलं मागणं सांगतो आणि थांबतो. घरधनी "कॉफी प्या" म्हणाला की मागणं मान्य. कप तसाच राहिला की सगळे उठून परत. ज्याच्या हातून गुन्हा घडला तो स्वतः कधीच येत नाही. इतरांनी आपलं तोंड त्याच्यासाठी गहाण टाकायचं असतं.

सय्यदना कुठल्याच टोळीचे नव्हते, म्हणून सगळ्यांना चालत. मुसलमान घराण्यांच्या जाहासुद्धा त्यांनाच पुढे करत. ऐंशीचे शेख मुतलक नेहमी त्यांच्या शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "या माणसाची कॉफी कधी गार झालेली मी पाहिली नाही."

एकदा एका मुलीच्या बापाने फार ताणून धरलं. सय्यदना म्हणाले, "अहो, मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, आई शांत आहे. अजून काय हवं?"

"विचार करायला वेळ द्या, सय्यदना."

"घ्या की. मी इथेच बसतो. रात्रीच्या जेवणाला काय केलंय?"

बापाला हसू आवरेना. कॉफी प्यायली गेली.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची धर्मप्रांताच्या मुख्य बिशपपदासाठी निवड झाली. मे महिन्यात जेरुसलेमला विधी व्हायचा होता. पाथरवटाचा मुलगा त्या आसनावर बसणार म्हणून सल्तमध्ये मिठाई वाटली गेली. आम्हाला चिडवणारे ऑर्थोडॉक्स शेजारीही ढोल घेऊन आले.

बुधवार, सतरा मार्च. संध्याकाळी पावणेसहाला फोन आला. खाली घोरच्या खोऱ्यातून वर येणाऱ्या रस्त्यावर सय्यदनांच्या गाडीखाली एक माणूस सापडला होता. आतिफ नाव, वय एकतीस, टोमॅटोच्या शेतावर मुकादम. पेटी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. जागच्या जागी गेला. ड्रायव्हर अबू रुशदी चौकीत होता. सय्यदना घरी पोचले होते आणि कुणाशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणायला चौकीवर गेलो. आत बसलो तर माझे गुडघे स्टेअरिंगला लागले. मी खाली हात घालून सीट मागे सरकवली आणि निघालो. अबू रुशदी माझ्याहून वीतभर उंच आहे. मी मात्र विम्याच्या कागदांचा विचार करत होतो.

नंतरच्या रविवारी सय्यदनांनी उपासना चालवली नाही. घसा बसलाय म्हणाले. प्रभुभोजनही घेतलं नाही. तेही मी पाहिलं आणि मध-लिंबू पाठवून दिलं.

दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत तातडीचा तह अपघाताच्याच रात्री झाला होता, त्यामुळे मारामारीची भीती नव्हती. खरा समेट व्हायचा होता. जाहा शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर ठरली. पुढारी कोण, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. ड्रायव्हर त्यांचा, गाडी त्यांची, आणि जाहा तर त्यांचीच असायची. मी यादी केली: तीस माणसं, तीत चार शेख, एक माजी महापौर, लॅटिन चर्चचे पाळक. यादी दाखवायला गेलो तेव्हा सय्यदना म्हणाले, "शेख मुतलकांना नको आणू. त्यांचं वय झालंय."

"मग ते मला जिवंत ठेवतील का, सय्यदना? तुमच्या शेजारची खुर्ची त्यांची."

त्यांनी यादी घडी करून मला परत दिली.

आतिफच्या घरासमोर मांडव घातला होता. एका बाजूला त्यांचे लोक, समोर आम्ही. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तो म्हातारा एकतीस वर्षं अबू आतिफ होता आणि मरेपर्यंत अबू आतिफच राहणार होता. तो उठला, सय्यदनांसमोर स्वतःच्या हाताने कप ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

सय्यदना उभे राहिले. नेहमी ते दहा मिनिटं बोलत, मधे एखादी हसवणारी गोष्ट सांगत. त्या दिवशी चारच वाक्यं बोलले. "ज्याच्या हातून हे घडलं त्याच्यासाठी मागायला आलोय," एवढंच. नाव घेतलं नाही.

अबू आतिफने समोरच्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "अबू रुशदीला मी माफ केलं. अल्लासाठी आणि या पांढऱ्या दाढ्यांसाठी. मला काही नको. काल मी तुरुंगात जाऊन त्याला पाहून आलो. मान वर करत नव्हता. त्याच्या मुलांना सांगा, या वाटेनं बिनधास्त या-जा. कुणी बोट लावणार नाही. सय्यदना, कॉफी प्या."

मांडवभर सुस्कारे सुटले. माझ्या मागे कुणीतरी रडायलाही लागलं. सय्यदना खाली बसले, पण त्यांचा हात कपाकडे गेला नाही. आम्हाला वाटलं, त्यांना भरून आलंय. शेख मुतलकांनी कोपराने ढोसलं. "घ्या हो. लोक ताटकळलेत."

सय्यदना बसूनच म्हणाले, "अबू आतिफ, तुम्ही चुकीच्या माणसाला माफ केलंत. गाडी मी चालवत होतो."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. कॉफी वाढणारा माणूस मांडवाच्या मधोमध तसाच उभा राहिला, हातातली किटली तिरकी, आणि कॉफी त्याच्या बुटांवर सांडत होती. शेख मुतलक सर्वांत आधी भानावर आले. "उन्हाचा त्रास झालाय यांना," ते मोठ्याने म्हणाले. "पाणी आणा रे."

"मला काही झालेलं नाही, शेख मुतलक."

"झालंय. तुम्ही बोलू नका."

अबू आतिफ उठून उभा राहिला. "परत सांग," तो म्हणाला. इतका वेळ तो त्यांना तुम्ही म्हणत होता.

सय्यदनांनी परत सांगितलं. एका आजारी शेतकऱ्याला भेटून ते येत होते. संत्र्यांना बहर आला होता. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. अबू रुशदीने आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले होते, "डॉक्टर काय मागच्या सीटवर बसलेत? मे महिन्यानंतर मला कोण चालवू देणार आहे!" आणि त्यांनी गाडी घेतली. आतिफ त्यांना दिसलाच नाही. आवाज आला तेव्हा कळलं. अबू रुशदी खाली उतरून पाहून आला आणि म्हणाला, "सय्यदना, सरका तिकडे. चार दिवस मी आत बसेन, मग तुम्हीच जाहा नेऊन मला सोडवाल. तुम्ही आत गेलात तर सगळं संपलं."

"तो म्हणाला सरका, आणि मी सरकलो," सय्यदना म्हणाले. "नऊ दिवस झाले."

आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. चूक कुणाचीही असो, जाहा गेली की मिटतं, याच भरवशावर आम्ही राहतो. अबू रुशदी त्याच भरवशावर सीटवर जाऊन बसला होता. पण गुन्हेगार स्वतःच जाहा घेऊन आला, तीस माणसांना शेजारी बसवून दुसऱ्याच्या नावाआडून आपल्यासाठीच माफी मागत बसला, असं कुणी ऐकलंही नव्हतं. माजी महापौर खुर्ची मागे सारून निघून गेले. त्यांच्यामागे एकेक जण उठला. शेख मुतलक शेवटी उठले. काठीवर हात ठेवून ते सय्यदनांच्या तोंडापाशी वाकले.

"तुझ्या शब्दावर मी माझी दाढी गहाण ठेवली होती, लबीब. आता ती घेऊन मी कुठे जाऊ?"

उत्तराची वाट न पाहता ते गेले. समोरचा कप तसाच भरलेला होता.

अबू आतिफ म्हणाला, "या मांडवात आहेस तोवर तू पाहुणा. बाहेर गेलास की माझ्या मुलाला मारणारा. कधी जायचं ते तू ठरव."

मांडवाबाहेर आतिफचा धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ उभे होते. सय्यदनांनी गळ्यातला क्रूस काढला, बोटातली अंगठी काढली आणि माझ्या हातात दिली. "हे चर्चचं आहे," म्हणाले. "याला काही व्हायला नको." मला त्यांना धरून ठेवावंसं वाटलं, पण मी क्रूस आणि अंगठीच धरून राहिलो. ते एकटेच बाहेर चालू लागले.

पोरं पुढे सरकली. तेवढ्यात अबू आतिफ मागून आला आणि सय्यदनांच्या उजव्या हाताला येऊन चालू लागला. "वाट सोडा," तो मुलाला म्हणाला.

"बाबा, हा माणूस..."

"मला कळतंय कोण आहे तो. वाट सोड."

पोलीस चौकी तिथून अर्ध्या मैलावर. सगळा रस्ता तो त्यांच्याबरोबर चालला. चौकीच्या दारात अबू आतिफ वळला आणि घरी परत गेला. मी पन्नास पावलं मागे होतो, हातात क्रूस आणि अंगठी.

आम्हाला वाटलं होतं, अबू रुशदी तरी सुटल्याच्या आनंदात असेल. दुसऱ्या दिवशी सल्तच्या चौकीत दोघांना समोरासमोर आणलं तेव्हा तो सय्यदनांच्या अंगावरच धावून गेला. हवालदाराने त्याला धरलं.

"मी तुम्हाला दिलं होतं ते!" तो ओरडत होता. "माझं होतं म्हणून दिलं होतं! परत करणारे तुम्ही कोण?"

"अबू रुशदी, तो माणूस तुझ्या मुलांना आशीर्वाद देत होता," सय्यदना म्हणाले.

"मग देऊ द्यायचा होता! माझ्या मुलांना नको का आशीर्वाद?"

हवालदाराने त्याला बाहेर नेलं.

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या सगळ्यांना माहीत आहेत. सय्यदनांनी दोन ओळींचं पत्र लिहून पद सोडलं. ते मला टाइपही करू दिलं नाही. मे महिन्यात त्या आसनावर दुसरं कुणीतरी बसलं. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू आणि खोटा जबाब, असे दोन गुन्हे लागले. सात महिने ते तुरुंगात होते. खोट्या जबाबासाठी अबू रुशदीलाही तीन आठवडे झाले. बाजारात मला विचारायचे, "काय अबू लुआय, तुमचे सय्यदना तुरुंगात कुणाची जाहा नेतायत?" मी भाजी न घेताच परत येत असे.

सुटून आल्यावर ते सल्तमध्ये वडिलांच्या घरी राहू लागले. सकाळी नुहादबाईंच्या दवाखान्यात बसून रोग्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे. सय्यदना म्हटलेलं त्यांना आवडत नसे. शिक्षा भोगून झाली, तरी आमच्यात तेवढ्याने मिटत नाही. अबू आतिफशी समेट व्हायला हवा होता आणि त्यासाठी जाहा हवी होती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जाहा नेल्या, त्याच्यासाठी जायला एक माणूस मिळेना. शेख मुतलकांकडे मी गेलो होतो. त्यांनी मला जेवू घातलं आणि विषय निघू दिला नाही.

जानेवारीत नुहादबाई कार्यालयात आल्या. "तो मागणार नाही," म्हणाल्या. "रात्रभर जागा असतो, पण मागणार नाही. तुम्ही जा."

"बाई, मी कोण? कारकून माणूस. मला तर दाढीसुद्धा नाही."

"मग दाढी नसलेली जाहा न्या."

मी जातोय हे अबू रुशदीला कुठून कळलं कोण जाणे. सकाळी तो आपली जुनी गाडी घेऊन माझ्या दारात उभा. दहा महिन्यांत त्याने सय्यदनांचं नाव घेतलं नव्हतं.

"तू कशाला?" मी विचारलं.

"रस्ता मला माहितीय," तो म्हणाला.

अबू आतिफने आम्हा दोघांकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं. "बाकीचे येतायत?"

"नाही. एवढेच."

त्याने आम्हाला बसवलं आणि चहा मागवला. मला कळेना. तो म्हणाला, "कॉफी मांडली असती तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. चहा प्या आणि बोला."

मी बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही. अबू आतिफने सगळं ऐकून घेतलं.

"हे बघा," तो म्हणाला, "संध्याकाळची वेळ, चढाचा रस्ता, पोराच्या खांद्यावर पेटी. कुणाच्याही गाडीखाली आला असता. पोराचं मी सोडून दिलंय, लिहून हवं तर लिहून घ्या. पण ते नऊ दिवस? ते मी सोडणार नाही. मी त्याच्या दारी भांडायला गेलो नाही, पोरांना आवरलं, चौकीपर्यंत सोबत गेलो. तेवढं केलं. नऊ दिवसांची माफी माझ्याकडे नाही. जा, सांगा त्याला."

एवढ्यात आतलं दार उघडलं आणि उम्म आतिफ, आतिफची आई, बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती येईल असं मला वाटलं नव्हतं; अबू आतिफलाही वाटलं नसावं, कारण तो अर्धवट उठला. ती सरळ अबू रुशदीसमोर येऊन उभी राहिली.

"तूच तो ड्रायव्हर ना?"

"हो, उम्म आतिफ."

"नऊ दिवस पाचही नमाजांनंतर मी तुझं नाव घेऊन शाप दिले. तुझं घर बुडो म्हणाले. तुझ्या अंगणात मूल खेळायला नको म्हणाले. आणि तू केलंच नव्हतंस." तिचा आवाज फाटला. "तुझ्या घरी काही झालं का रे? खरं सांग. मला झोप नाही."

मी हातातला पेला खाली ठेवला. बावीस मार्चला, म्हणजे जाहाच्या चार दिवस आधी, अबू रुशदीच्या सुनेच्या पोटातलं सहाव्या महिन्याचं मूल गेलं होतं. सल्तमध्ये सगळ्यांना माहीत होतं. नुहादबाईच तिच्या उशाशी होत्या.

अबू रुशदी उभा राहिला. "काही झालं नाही, आई," तो म्हणाला. "सगळे मजेत आहेत. तुम्ही झोपत जा."

ती त्याच्या हाताशी वाकायला लागली. त्याने तिला खांद्यांना धरून वर उचललं. अबू आतिफ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

परतीच्या चढावर एका ठिकाणी अबू रुशदीने गाडी हळू केली, आणि मग पुन्हा वेग घेतला.

सय्यदना ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. पोराचं सोडलं, नऊ दिवसांचं नाही, हे ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे." मग मी उम्म आतिफचं सांगितलं.

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, काही झालं नाही. सगळे मजेत आहेत."

त्यांचा चेहरा मी सत्तावीस वर्षं पाहत होतो. तसा कधी पाहिला नव्हता, कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात सुद्धा नाही. मग त्यांनी खाली वाकून बूट चढवले, नाडी बांधली आणि निघाले. अबू रुशदीचं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे, शंभरएक पायऱ्या चढून. त्या घरी जाऊन त्यांनी अजून एकदाही माफी मागितली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी खालून पाहत राहिलो. मधे दोनदा ते थांबले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. वर पोचल्यावर त्यांनी दार ठोठावलं. दार उघडायला सून आली.